मामांचा हरणारा टेनिसवाला

आमच्या हिच्या मामांइतका एकनिष्ठ माणूस अख्ख्या आयर्लंडात सापडणार नाही, आणि त्यांची निष्ठा होती ती शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन टेनिसपटूवर, ज्याचं नाव आज अमेरिकेतही कुणाला आठवत नसेल. धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर चेंडू मारत तो खेळायला शिकला. मोठमोठ्या स्पर्धांच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचायचा आणि तिथे हरायचा. मग महायुद्धात लढायला गेला, एक फुप्फुस अधू करून परतला आणि पुन्हा रॅकेट घेऊन उभा राहिला. हे सगळं मामा काल घडल्यासारखं सांगत. त्याच्यासारखी लांब पांढरी विजार घालून ते गारांच्या पावसातही क्लबात सर्व्हिस करत. चेरीवूडला आम्ही मराठी मंडळी दिवाळी करतो, तिथे त्यांना ‘दोन शब्द बोला’ म्हटलं, तर त्यांनी त्याच्या एका सामन्याचा पहिला सेट सांगून संपेपर्यंत माइक सोडला नाही. जेवण थंड झालं, तेव्हा मामी शांतपणे म्हणाल्या, “माझा वाढदिवस विचारा ह्यांना. नाही सांगता यायचा.”

मामा भूलतज्ज्ञ. टेबलावरचा पेशंट घाबरलेला असला की ते त्याच्या उशाशी बसून त्या टेनिसवाल्याचा शेवटचा मोठा सामना सांगायला घेत. पाचवा सेट सुरू होईपर्यंत पेशंट झोपलेला असे. शुद्धीवर आल्यावर बरेच जण पहिलं हेच विचारत, “डॉक्टर, युअर मॅन जिंकला का?” इथे कुणाविषयीही बोलताना ‘तो माणूस’ अशा अर्थानं ‘युअर मॅन’ म्हणायची पद्धत आहे. मामा म्हणत, “जिंकला ना! आणि तुम्हीही ग्रँड आहात, एकदम ठणठणीत.” खरं तर तो हरला होता. पण नुकतेच डोळे उघडलेल्या माणसाला हरल्याचं कशाला सांगा, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी एक म्हातारी शेतकरीण पोटाच्या ऑपरेशनला आली. दणकट हाडाची, नवरा गेल्यावर एकटीनं गाईगुरं सांभाळलेली. सर्जननं पोट उघडलं आणि काही न काढता पुन्हा शिवलं. आजार सगळीकडे पसरला होता. दुसऱ्या दिवशी मामा वॉर्डात गेले, तेव्हा तिनं नेहमीचाच प्रश्न विचारला. मामांनी नेहमीचंच उत्तर दिलं.

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही, डॉक्टर,” ती म्हणाली. “कालपासून सगळे माझ्याशी फार गोड बोलताहेत. नीट सांगा.”

मामा खुर्ची ओढून बसले. “हरला,” ते म्हणाले. “पाचव्या सेटमध्ये त्याला श्वास पुरेना. पण मैदान सोडलं नाही त्यानं. शेवटचा पॉइंट होईपर्यंत खेळला, मग नेटपाशी जाऊन जिंकणाऱ्याचा हात हातात घेतला.”

“आणि मी?”

आयुष्यभर मामांनी लोकांना झोपवलं होतं. असल्या प्रश्नाला तोंड द्यायचं काम सर्जनचं. “मला म्हणता आलं असतं ना बाप्पा, की मोठे डॉक्टर येऊन सांगतील,” मामा मला नंतर म्हणाले. “पण ती माझ्याकडे बघत होती रे.” त्यांनी तिला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. आता गाईंची व्यवस्था लावता येईल.”

ती घरी गेली आणि वसंतात वारली. मामांना तिच्या घरी अंत्यदर्शनाला एकट्यानं जायचा धीर होईना, म्हणून मी सोबत गेलो. इथल्या रिवाजाप्रमाणे बैठकीच्या खोलीत शवपेटी उघडी ठेवली होती आणि स्वयंपाकघरात चहा-सँडविच चाललं होतं. तिचा मुलगा मामांचा हात धरून म्हणाला, “गाई तिनं स्वतः उभं राहून विकल्या. कुठली कुणाकडे द्यायची, सगळं तिनंच ठरवलं. तुम्ही सांगितलं नसतं तर राहून गेलं असतं.”

मामा पेटीपाशी गेले, तिच्या कपाळाला हलकेच हात लावला आणि बाहेर आले. अंगणापलीकडचं कुरण रिकामं होतं, गवत गुडघाभर वाढलेलं. मामा कुंपणाला टेकून ते बघत उभे राहिले. मग गाडीची किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, “तू चालव रे आज.”