हो असेल तर एकदा दाबा

धरणांवरच्या आणि नदीकाठच्या सात ठाण्यांना रोज सकाळी नागपूरहून वायरलेसवर हाक मारायची, पाण्याची पातळी लिहून घ्यायची, आणि कोणाचा सेट रुसला तर इथूनच बोलून बोलून त्याला ताळ्यावर आणायचं, हे माझं काम. नोकरी टेम्पररी होती. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ वाजता स्वतः शेजारी बसून ठरवणार होते.

दसऱ्याला घरचे सगळे पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीला गेले आणि मी ड्युटीवर. ऑफिसात हत्यारपूजा चाललेली. आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, म्हणाले, "ठाण्यांले पण सांगा, आपापल्या सेटची पूजा करून घ्या म्हणा." आता आमच्या घरातले देव मी जन्मायच्या आधीच गेलेले. पूजेचं प्रमाण मला काय ठाऊक? पण बडे बाबूंना खूष करायची भारी हौस. मी पदरचं घालून सांगितलं, "हळद-कुंकू भरपूर लावा! माइकला तर जास्तच, सगळं बोलतो तोच!" आणि फार हुशारी केल्यासारखी हसले.

दुसऱ्या दिवशी आठला हाक मारली. रामटेक गप्प. पारशिवनी गप्प. सातही ठाणी मुकी. बडे बाबूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "गेली बाई तुमची नोकरी." तेही इतक्या आपुलकीनं की रडावं की हसावं ते कळेना.

मग नीट कान दिला. मी हाक मारून थांबले की खरखर मध्येच तुटत होती. म्हणजे तिकडे कोणीतरी बटण दाबून बोलत होतं, आवाज तेवढा पोचत नव्हता. माझं मात्र त्यांना ऐकू येत होतं! मला हर्षवायूच व्हायचा बाकी राहिला.

"हो असेल तर बटण एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा!" मी ओरडले. "रामटेक, सेटचा दिवा लागतो?"

खट्.

"वायर तुटली?"

खट् खट्.

"माइकला हळद-कुंकू?"

अगदी दबकत, खट्.

"पाण्यात कालवून?"

खट्.

"भरपूर?"

हे विचारलं रामटेकला, पण खट् सगळीकडून आले. लेप रात्रीतून वाळला होता आणि माइकची भोकं लिंपून टाकली होती. "बाभळीचा काटा घ्या," मी सांगितलं, "एकेक भोक मोकळं करा. पण हळू, आतला पडदा फाटेल!"

नऊला पाच कमी असताना रामटेकच्या म्हाताऱ्या ऑपरेटरचा आवाज खणखणीत आला. "आता आयकू येऊन राह्यलं का वं बाई? तुमीच तं म्हटलं होतं ना, भरपूर लावा म्हून!" मागोमाग पारशिवनी, मग बाकीचे. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचत होते, आणि दारात साहेब उभे होते.

त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. "रामटेक, हे भरपूर लावायला बाईंनी सांगितलं?"

खट् खट्.

"पारशिवनी?"

खट् खट्.

साहेबांनी सातही ठाण्यांना विचारलं, सगळीकडून दोनच खट्. तोंडानं कोणी बोलेना. मीच शिकवलेली खूण, आणि तिच्यात माझ्यासाठी सात जण धडधडीत खोटं बोलत होते. माझे डोळे भरून आले.

"साहेब, मीच सांगितलं होतं," मी म्हटलं.

साहेबांनी बटण दाबून धरलं आणि माझ्याकडे बघत माइकमध्येच म्हणाले, "आत्ता सगळे बोलत होते, मी विचारलं तर सातही सेट पुन्हा मुके. असले सेट असतील तर बाई कायमच ठेवावी लागणार."

त्यांनी बटण सोडलं. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी रामटेकहून एक खट् आला. एकच.