मामाजींनी गोल केलेला निरोप

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. इलेक्ट्रॉनिक्सची. हे मी सगळीकडे सांगते, इथंही सांगून टाकलं. नोकरी दक्षिणेत, एका मोठ्या अँटेनाच्या केंद्रावर. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाला आम्ही रेडिओवरून आदेश पाठवतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. मंगळ लांब गेलेला असला की जाऊन-येऊन अर्धा तास सहज लागतो. बाबा दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहेत. त्यांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे बसाचाच पगार हाये." तसं म्हणायला हरकत नाही.

सुटीत घरी आले होते तेव्हा पांढरकवड्याहून मला पाहायला पाहुणे आले. मुलगा तिथल्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. जयभीम झाले, पोहे झाले. बाकीच्यांनी मला स्वयंपाक विचारला. मुलानं विचारलं, इतक्या लांबून आदेश नीट पोचला हे यानाला कळतं कसं? मी सांगितलं, प्रत्येक आदेशासोबत काही जास्तीचे अंक जातात. वाटेत काही बिघडलं तर हिशेब जुळत नाही, आणि दुरुस्त होण्यासारखं नसेल तर यान तो आदेश सरळ टाकून देतं. अंदाजानं काही करायचं नाही, अशी त्याला शिकवण आहे. मुलानं मान डोलावली. मला तो आवडला.

पण अटी पाहुण्यांच्या तोंडावर बोलायच्या नसतात, त्या मध्यस्थाच्या हाती द्यायच्या. आमचे मध्यस्थ म्हणजे बोरी अरबचे मामाजी, आईचे चुलतभाऊ. मी त्यांना एकच गोष्ट सांगितली: लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. जमत असेल तर होकार, नसेल तर राग नाही. मामाजी म्हणाले, समजलं.

मग काहीच कळेना. चार दिवस गेले तसे बाबा बेचैन झाले. "तुह्या मंगळावून अर्ध्या घंट्यात उत्तर येते," ते म्हणाले, "पांढरकवडा काय त्याच्याहून लांब हाये?"

शेवटी मामाजी पेढे घेऊनच आले. होकार होता. शिवाय पाहुण्यांनी माझ्यासाठी पांढरकवड्यातच एका शाळेत जागा बघून ठेवली होती. मी विचारलं, तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलं?

"म्या म्हनलं, पोरगी समजदार हाये, तुमी म्हनसान तसं करन."

"मी असं म्हटलं होतं?"

"बाई, जसंच्या तसं सांगतलं तं कोनाचं लग्न जमते? निरोप जरासा गोल करून न्या लागते."

मामाजींच्या लेखी हे खोटं नव्हतं. त्यांची ती पद्धतच आहे, आणि बोरीतली निम्मी लग्नं तिच्यावर टिकून आहेत. आमच्याकडे मात्र असा माणूस अँटेनाजवळ उभा करत नाहीत.

मी मुलाचा नंबर मागितला. आमच्या घरातल्या कुठल्याच मुलीनं असा फोन केलेला नव्हता. बाबांनी टीव्ही बंद केला.

मुलाला म्हटलं, माझा निरोप तुमच्यापर्यंत काय पोचला, तेवढं परत सांगा. तो म्हणाला, तुम्ही नोकरी सोडून इकडे यायला तयार आहात, असा.

"निघाला तेव्हा तो असा नव्हता," मी म्हटलं, आणि मामाजींना दिलेले शब्द होते तसे म्हणून दाखवले.

पलीकडे शांतता. बाबा हातानं खुणावू लागले, बोल, काहीतरी बोल. मी मानेनंच नाही म्हटलं. एक आदेश गेलेला असताना घाबरून त्याच्यावर दुसरा सोडायचा नसतो. बसायचाच तर पगार आहे.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तुमच्या त्या केंद्राच्या जवळपास एखादं कॉलेज हाये का?"

मी म्हटलं, आहे. पण हे तुमच्या घरी तुम्ही स्वतः सांगा, मामाजींच्या हाती पाठवू नका.

मामाजी समोरच बसले होते. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. डब्यातला दुसरा पेढा उचलला आणि बाबांना म्हणाले, लग्न तं जमलंच ना.