आईचा ताप आणि गटारातला पाइप

पुण्यात खराडीतल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात जेवायला एकत्र बसणारे आम्ही सगळे विदर्भातले. आईबाप गावी, आम्ही इथे. घरचं काही अडलं की डबे उघडल्यावर ते सगळ्यांपुढे मांडायचं, ही आमची रीत.

आईला पुन्हा ताप भरला होता. गावचे डॉक्टर दर वेळी टायफॉइडच सांगत. ताईचं म्हणणं ठरलेलं, "घराला कुलूप लाव, तिला पुण्यात आण." आईचंही ठरलेलं, "मी नाई येत. माह्यं घर हाये इथं."

मी आईच्या रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवला. एकजण म्हणाला, "नुसत्या विडाल टेस्टवर जाऊ नको. जुन्या तापानेही ती पॉझिटिव्ह येते. गोळ्यांआधी ब्लड कल्चर कर, त्यात रक्तातले जंतूच वाढवून बघतात." दुसऱ्याने विचारलं, "नळाचा पाइप कुठून येतो?"

"गटारातून."

"मग सांधा बघ. नळ गेला की तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं."

पेठेतल्या आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या ऑफिसात ओपीडी कितव्या मजल्यावर असते?"

"चौथ्या, कॅन्टीनमध्ये. पण कल्चरची चिठ्ठी तिथे मिळत नाही."

त्यांनी दिली.

गावी जाऊन आधी आईचं रक्त तपासायला दिलं. टायफॉइड खराच निघाला, मित्राची शंका चुकली. पण कल्चरमुळे कोणतं औषध लागू पडेल ते कळलं. आईचा ताप उतरेपर्यंत मी पाइप गटाराबाहेर काढून भिंतीवरून नेला. सांधा चिकटवला आणि लगेच पाणी सोडलं. फवारा तोंडावर आला. मित्रांना फोन केला तर सगळे हसत सुटले. "हा काय प्रोग्राम आहे, बदल केला की चालवून बघायला? सुकू दे की!"

दुसऱ्या दिवशी सांध्यातून थेंबही आला नाही. तेवढ्यात ताईचा फोन आला. "आज पाइप झाला, उद्या काय करशील?"

"उद्या पुन्हा विचारीन. दहाजणांना विचारीन." माझा आवाज चढला होता. "मी आईजवळ नाही, हे मला रोज टोचतं. पण माझं टोचणं थांबावं म्हणून तिचं घर सोडवणार नाही. कुलूप लागणार नाही."

आई मागे चुलीवर पाणी उकळत होती. तिथूनच ओरडली, "तिले म्हण, पानी प्यायले ये इथं!"