घोंगड्याआडच्या गोळ्या

जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी आरोग्यसेवक होतो. मूळ काम हिवतापाचं. पण नव्वदच्या दशकात वरच्यांना दरवर्षी काहीतरी नवीन सुचायचं आणि ते येऊन आमच्या पिशवीत पडायचं. पोलिओचे डोस आले, घरोघरचं मीठ तपासणं आलं, शेवटी शेवटी क्षयरोगही आला. हुकूम असा, की रोग्यानं गोळ्या माझ्या डोळ्यांदेखत गिळायच्या. मग मी त्याला तोंड उघडायला, जीभ उचलायला लावायचं आणि आत डोकावून खात्री करायची.

माझ्या वाट्याला एक मेंढपाळ आला, भावांबरोबर मेंढरांच्या तळावर राहणारा. वयानं माझ्या वडलांएवढा, खोकून खोकून पार वाळलेला. गोळ्या चुकल्या तर हा माणूस जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याला मरणापेक्षा भावांची धास्ती जास्त. "कुणाला बोलू नगा. टीबी म्हनलं की तळावरनं भाईर काढतील मला," असं म्हणून त्यानं मला शपथेत बांधून घेतलं.

पहिल्याच दिवशी त्यानं गोळ्या हातात घेतल्या आणि डोक्यावरून घोंगडं ओढलं.

"आवं, घोंगडं काढा. मला बघायचंय."

आतून आवाज आला, "खाताना कुनी टक लावून बघितलं तर अंगाला लागत न्हाई, डाक्टर. दिष्ट लागती."

मी घोंगडं एका बाजूनं उचलायचो, तो दुसऱ्या बाजूनं खाली खेचायचा. मेंढरं चरायची थांबून आमच्याकडं बघायला लागली. शेवटी तोडगा त्यानंच काढला. सोबत बसून खातो त्याची नजर लागत नाही, म्हणून मीही काहीतरी खायचं. मग मी खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवायला लागलो. त्यानं औषध तोंडात टाकलं की मी लिमलेट टाकायचो. मग तो आ करायचा, मीही आ करायचो. न्याय म्हणजे न्याय.

हा सोहळा कुणीतरी पाहिला. आठवड्याभरात गावात बोभाटा झाला, की डाक्टरला टीबी झालाय आणि मेंढपाळ त्याला रानातलं औषध देतोय. लोक माझ्या दारात शेळीचं दूध ठेवून लांबूनच हाक मारायचे. दुधानं मी चांगला बाळसेदार झालो, तेव्हा औषधाची ख्याती आणखी वाढली. गुडघेदुखीवाले मला वळसा घालून मेंढपाळाकडं रांग लावायला लागले. तो बिचारा सगळ्यांना खोकत खोकत सांगायचा, "मला न्हाई बाबा त्यातलं काय कळत!" लोकांना तो विनय वाटायचा. आणि मी शपथेत अडकलेलो.

अशात वडूजकडचे पाहुणे मला बघायला आले. माझे वडील कुंडलहून नवं धोतर नेसून आले होते. मारुतीच्या देवळापुढं सगळे बसले. मुलीच्या मामानं चहाच्या टपरीवर आधीच चौकशी केली होती. त्यानं सरळ विचारलं, "टीबी हाय म्हनं तुमाला?"

वडील माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली. गप्प बसण्यावाचून इलाज नव्हता आणि माझं गप्प बसणं सगळ्यांना कबुलीसारखं दिसत होतं, याचा मला भयंकर राग येत होता.

तेवढ्यात गर्दीतून मेंढपाळ पुढं आला. "त्येला काय बी न्हाई. लिमलेट खातुय त्यो. टीबी मला हाय!" त्याचे तिन्ही भाऊ तिथंच उभे होते. त्यानं माझ्या पिशवीकडं हात पसरला. मी गोळ्या दिल्या. साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर त्यानं त्या एकेक करून गिळल्या, तोंड उघडलं, जीभ वर केली आणि सगळ्यांना दाखवली.

मामा म्हणाला, "म्हंजे तुमी यांच्या मांडीला मांडी लावून खाता?" आणि उठलाच. सोयरीक तिथंच मोडली.

मला सोयरिकीचं काही वाटत नव्हतं. जीव अडकला होता तळावर. पुढच्या खेपेला भीत भीत गेलो. त्याला घालवलं असेल, मग मी त्याला कुठं शोधायचं, हेच डोक्यात. लांबून पाहिलं तर मेंढपाळ मधोमध बसलेला. त्याच्याभोवती तिन्ही भाऊ, भावजया, पोरंसोरं, प्रत्येकाच्या हातात भाकरीचा तुकडा. कुणी खात नव्हतं.

थोरला भाऊ मला म्हणाला, "या लवकर. त्येच्या गोळ्या काढा. समदी थांबल्यात तुमच्यासाठनं."