राहिलेला कान

"कान राहिला तं राहिला. असलेल्या एका कानानं तरी तुमी माह्यं कधी ऐकलं जी?"

बायजाबाईचं हे बोलणं मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं. बासष्ट सालचा उन्हाळा, सकाळी चहाची वेळ. भिंत म्हणजे कुडाची, वरून शेणामाती लिंपलेली. तिकडे कोणी शिंकलं की इकडे माझं पोरगं दचकायचं. मी भाकरी थापत होते. थापण्याच्या आवाजात भांडण नीट ऐकू येईना, म्हणून हात थांबवला. खोटं काहून सांगू.

धोंडबा तिचा नवरा. लकडगंजात लाकडाच्या वखारीत हमाली करायचा. गांधीबागेच्या मागे भैय्याजी म्हणून मूर्तिकार राहत, त्यांना कुठल्याशा चौकासाठी कष्टाच्या माणसाचा पुतळा करायचा होता. डोक्यावर ओंडका घेऊन जाणारा धोंडबा त्यांना रस्त्यात दिसला आणि आवडला. आमच्या वस्तीत तोपर्यंत कोणाला हमाल आवडल्याचं ऐकलं नव्हतं. नऊ दिवस धोंडबा हमाली सोडून त्यांच्यापुढे स्टुलावर बसला, आणि त्यांनी मातीत त्याचं डोकं घडवलं.

"आजचाच दिवस वं," धोंडबा म्हणत होता. "डावा कान राहिला फक्त. तू येऊन पाह्य तं खरं. मले वाटते, समोर मीच बसून राहिलो."

"एक तोंड पाहून राहिली तेच पुष्कळ झालं. नऊ दिवस झाले, डब्यात ज्वारी नाही. तुमचा भैय्याजी चहा पाजते, मी काय शिजवू, तो चहा?"

धोंडबा हसला. मग म्हणाला, "बरं. मरू दे तो कान. जातो वखारीत."

तो आमच्या दारावरून गेला. मी पदर पुढे ओढला आणि खाली पाहिलं. धोंडबा माझ्या मालकाच्या चुलत्याचा थोरला मुलगा, म्हणजे माझा भासरा, नात्याने थोरला दीर. छप्पनला दीक्षा घेतली, घरातले देव नागनदीत सोडून आलो, पण भासऱ्यापुढचा पदर तेवढा सुटायचा राहिला होता. लग्न होऊन आठ वर्षं झाली, शेजारी घर, तरी त्याचं तोंड मी कधी वर मान करून पाहिलं नव्हतं. पाय मात्र पक्के ओळखायची. उजव्या पायाचा अंगठा कधीतरी ओंडका पडून चपटा झालेला. शंभर माणसांतून ते पाय मी काढून दाखवले असते.

दुपारी त्याला ठेल्यावर घालून आणलं. ट्रकातून ओंडके उतरवताना साखळी सुटली होती. तोंडावर धोतर टाकलेलं. बायजाबाई धावली तर माणसांनी तिला धरून ठेवलं. माणसं म्हणाली, तोंड पाहू नको, पाहण्यासारखं नाही राहिलं. मी ठेल्याच्या खालच्या अंगाला उभी होते. मला पाहायला पाय होते.

आठ दिवसांनी ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली. "कौसल्या, त्या दिवशी सकाळी तुले काही ऐकू आलं होतं का वं?"

"नाही जी बाई," मी म्हटलं. "माझ्या भाकरी चालू होत्या."

तिने मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.

घरात तसबिरी दोनच, बुद्धाची आणि बाबासाहेबांची. धोंडबाचा फोटो नव्हता. सीताबर्डीला जाऊन काढायचं एकदा ठरलं होतं, त्या दिवशी नेमके पाहुणे आले. म्हणजे धोंडबाचं तोंड आता जगात एकाच ठिकाणी होतं, भैय्याजींच्या घरी, मातीत. ते आणायला बायजाबाई टोपली घेऊन गेली. तिथं काय झालं ते तिनेच मला कितीदा तरी सांगितलं आहे.

भैय्याजी म्हणाले, "बाई, ही कच्ची माती हाय. तुह्या टिनाच्या घरात दोन दिवसांत तडे जातीन. साचा काढून प्लास्टर ओतलं तं टिकते, पण अपुरं काम मी साच्यात घालत नसतो. एक कान करतो, मंग देतो."

"कोणाचा कान?"

"कोणाचा म्हणजे? माणसाचे कान का येगयेगळे असते?"

"मंग नको. दुसऱ्याचा कान त्याले नको."

"तं मंग ओलं ठेवा लागीन. फडकं वाळलं का गेलं समज."

"मी ठेवीन," बायजाबाई म्हणाली.

आणि टोपली तिथेच ठेवून ती त्या घरात कामाला लागली. माती चाळायची, तुडवायची, झाडलोट करायची, नळावरून पाणी आणायचं. त्या डोक्यावर आत धोंडबाचं जुनं मऊ धोतर, वरून गोणपाट. दोन्ही भिजवायचे, पिळायचे, गुंडाळायचे. हिवाळ्यात दोनदा, वैशाखात चारदा. गुंडाळण्याआधी ओला हात तोंडावरून फिरवायचा, भेगा पडू नयेत म्हणून. जिवंतपणी ज्याच्यापुढे ती पाण्याचा तांब्या आदळून ठेवायची, त्याला आता दिवसातून चार वेळा पाणी.

वस्तीत बोलणारे होतेच. नळावर रंभाबाई एकदा म्हणाली, "काय वं बायजा, देव सोडले आनं नवरा पूजाले घेतला का?"

"पूजा कोण करते वं? देव वाळला तं चालते. याचं नाही चालत. सरक, बादली लावू दे."

पोटी मूल नव्हतं. भाऊ तिकडे कुही गावाकडे राहायचा, बोलवायचा. ती सकाळच्या मोटारीने जायची, संध्याकाळच्या मोटारीने परत. भावाच्या पोरीच्या लग्नात अक्षता टाकून जेवायच्या आधी निघाली म्हणून भावजय दोन वर्षं बोलली नाही.

भैय्याजींना शेवटी लकवा झाला, उजव्या अंगाला. तेव्हा कुठे बायजाबाई नरमली. त्यांच्या खाटेशी जाऊन म्हणाली, "लावून टाका जी कोणाचाही कान." ते तिच्याकडे पाहत राहिले. हात उचलत नव्हता. त्र्याहत्तरला ते गेले. चौकातला पुतळा त्याआधीच दुसऱ्या कोणीतरी करून बसवलाही होता, त्या पुतळ्याला दोन्ही कान आहेत.

त्यांच्यामागे कोणी नव्हतं. लोकांनी समिती केली आणि घराचं संग्रहालय झालं. बायजाबाईला झाडलोटीला ठेवलं, कारण घरातली कोणती वस्तू कुठे होती हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

मी मात्र इतक्या वर्षांत तिथे गेले नव्हते. कामं सुटत नाहीत, असं सांगायची. खरं म्हणजे जीव धजत नव्हता. मातीचं का होईना, भासऱ्याचं तोंड होतं ते. शेवटी एक्क्याऐंशीच्या मार्च महिन्यात माझी सून प्रेमिला मला घेऊन गेली.

बायजाबाई दारातच होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण मला आवाजावरून ओळखलं. "आली का वं. चपला इथं काढ. मंत्री येऊ दे नाही तं कोणी, चपला इथंच."

तिने आम्हाला घर दाखवलं. समितीची माणसं कसं दाखवतात ते मला माहीत नाही, ती असं दाखवायची: "ही त्यांची खाट. इतकी साफ चादर त्याईच्या जन्मात नव्हती. हा चष्मा. आधीच काच, त्याच्यावर अजून काच लावली समितीनं. हा त्यांचा कप म्हणून लिहिलं हाय, पण हा तो नव्हे. तो माह्या हातून फुटला. हा समितीनं इतवारीतून आणला."

"मग खोटंच लिहिलं की," प्रेमिला म्हणाली.

"चहा तं दोन्हीत सारखाच लागते, बाई."

प्रेमिला दुसऱ्या खोलीतल्या मूर्ती पाहायला थांबली. बायजाबाई बादली भरायला नळावर गेली. तेवढ्यात तिथले कारकून आनंदराव माझ्याजवळ आले. भला माणूस, पण हातातला कागद सारखा घडी करायचा आणि उघडायचा.

"आजी, तुम्ही त्यांच्या घरच्या ना? जरा समजावून सांगा त्यांना. त्या फडक्याखाली आता काही राहिलं नाही. पाणी आणि हात, पाणी आणि हात, इतकी वर्षं. समितीनं साचा काढायला एक जण बोलावला होता. त्यानं फडकं उचललं, पाहिलं आणि म्हणाला, साचा कशाचा काढू? आता तो चौथरा रिकामा करायचं ठरलं आहे. माझ्याच्यानं त्यांना सांगणं होत नाही."

"बरं," मी म्हटलं. सांगायचं ठरवूनच मी मागच्या खोलीत गेले.

खोली ओल्या मातीच्या वासाची, थंड. मधोमध चौथरा, त्यावर गोणपाटाचं गाठोडं. खाली पुठ्ठ्याची चिठ्ठी. मी अक्षर अक्षर लावून वाचली: हमाल. अपूर्ण. माती. नाव नव्हतं.

बायजाबाईने बादली ठेवली. गोणपाट काढलं. मग धोतर सोडायला लागली, डाव्या बाजूने, जशी आई निजलेल्या पोराच्या तोंडावरचं पांघरूण काढते तशी. मी इतक्या वर्षांनी वर मान करून पाहिलं.

नाकाच्या जागी थोडा उंचवटा. डोळ्यांचे दोन खळगे. ओठ नाहीत. नदीतला गोटा असतो तसं सगळं गुळगुळीत. उजवा कान भैय्याजींनी पुरा केला होता म्हणतात, तोही गेला होता. आता दोन्ही बाजू सारख्या.

"आताशा नाक हाताले लागत नाही," बायजाबाई म्हणाली. "हाताची कातडी जाड झाली असंन माह्या. आनं डोळ्याचं हे असं. खरं सांगू का कौसल्या, मले त्याचं तोंड आठवत नाही आता. आवाज आठवते. तोंड म्हटलं का हेच आठवते, मातीचं. म्हणून तुले विचारून राहिली. तू पाहिलं होतं त्याले. तसाच हाय ना?"

तिच्या लेखी एकच साक्षीदार उरला होता, तो मी. आणि मी काय पाहिलं होतं, तर एक चपटा अंगठा. हे तिला सांगावं, की आनंदराव म्हणाले ते सांगावं? कोणतंही सांगितलं तरी धोंडबा दुसऱ्यांदा जाणार होता, आणि आता मी नेणार होते.

"तसाच हाय जी बाई," मी म्हटलं. "तेवढा कान सोडून."

"कान तं राहिलाच," ती म्हणाली, आणि हात ओला करून त्या गोट्यावरून फिरवायला लागली. मला तिचा हात धरावासा वाटला. धरला नाही.

हात फिरवता फिरवता तिने विचारलं, "त्या दिवशी तुले ऐकू आलं होतं ना?"

एका दिवसात किती खोटं बोलायचं. "आलं होतं," मी म्हटलं.

"मालूम हाय. तुह्या भाकरीचा आवाज बंद झाला होता." तिने धोतर पिळलं. "मले तवाच समजलं का तू ऐकून राहिली. म्हणून तं अजून जोरात बोलली मी. तुले समजावं का माह्या घरात माह्यं चालते."

आम्ही दोघींनी मिळून गोणपाट गुंडाळलं.

बाहेर आनंदरावांनी विचारलं, "सांगितलं?"

"नाही. तुम्ही सांगा."

त्यांनीही सांगितलं नाही. चौथरा रिकामा करायचा कागद त्यांनी वर्षभर टेबलाच्या खणात ठेवला. आला पावसाळा, गेला हिवाळा. बायजाबाईचं नळावर जाणं चालू राहिलं, फक्त आता ती भिंतीला हात लावत लावत जायची आणि अर्धीच बादली आणायची.

ब्याऐंशीच्या वैशाखात ती गेली. दुपारी घरी येऊन दारात टेकली ती तशीच. मी पाणी घेऊन गेले तेव्हा उशीर झाला होता. घाट आटोपून आम्ही तिकडे डोकावलो तोपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. खोलीतलं गोणपाट वाळून कडक झालं होतं आणि माती चौथऱ्यावर चार तुकडे होऊन पडली होती. आनंदरावांनी ती टोपलीत भरून मला दिली. मी नागनदीत सोडली, जिथे देव सोडले होते तिथेच. दुसरी जागा सुचली नाही. चौथरा आता रिकामा आहे. चिठ्ठी काढायची राहिली आहे, ती तशीच आहे: हमाल. अपूर्ण. माती.

ती गेली त्या दिवशी सकाळचं आनंदरावांनी सांगितलं. ती नेहमीच्या वेळेला आली. चपला दारात काढल्या. नळाला पाणी बारीक होतं, म्हणून बादली लावून तिथेच खाली बसून राहिली. अर्धी भरली तशी उचलून मागच्या खोलीत नेली. गोणपाट काढलं, धोतर सोडलं, डाव्या बाजूने. धोतर बादलीत बुचकळून पिळलं. हात ओला करून तोंडावरून फिरवला. पुन्हा गुंडाळलं, वरून गोणपाट, गाठ मागे. उरलेलं पाणी अंगणातल्या तुळस नसलेल्या कुंडीत ओतलं, कारण पाणी फेकायचं नाही. बादली पालथी घातली. जाताना आनंदरावांना म्हणाली, "गरम झाव सुटली हाय, मागची खिडकी लावून ठेवजा. मी दुपारच्या पाण्याले येतोच."