चोवीस फूट दोरीतली जमीन

क्षेत्रफळ म्हटलं की माझी चौथी पेंगायची. शिकवून शिकवून घसा बसला, तरी पोरांचं एकच पालुपद: "बाई, दोरी सारखी, तर जागाबी सारखीच की!" शेवटी वैतागून मी खडू ठेवला आणि म्हटलं, चला मैदानात!

पिंपरी पेंढारजवळच्या त्या शाळेत माझी सगळी अठरा पोरं. खेळ सोपा. चोवीस फुटांच्या दोरीनं जमीन आखायची. जो जास्त पोरं मांडी घालून बसवेल, तो जिंकला. एका बाजूला वर्गाचा म्होरक्या, बागायतदाराचा पोरगा. दुसऱ्या बाजूला मी मुद्दाम नवी पोरगी उभी केली. तिचं घर मेंढरांमागं फिरणारं. दोन महिने झाले, तिला कुणी खेळायला घेत नव्हतं. आता ही हरली तर हिला पुन्हा कोण विचारणार, ही धास्ती मलाच लागली होती.

म्होरक्यानं रस्त्याकडच्या भिंतीलगत दोरी लांबच लांब ताणली. दहा फूट लांब, दोन फूट रुंद.

"अरे, हे काय रे?"

"रोडटच पायजे, बाई! आळेफाट्याला बघा, समदी हाटेलं रोडलाच!"

हसून हसून माझी पुरेवाट झाली. त्या पट्ट्यात सात जण कसेबसे बसले, आठवा कोलमडला.

मग पोरीनं तीच दोरी घेतली. चार कोपऱ्यांना चार दगड, बाजू सहा-सहा फुटांच्या. "बसा," एवढंच म्हणाली. दहा बसले, बारा बसले, सोळा बसले! पोरांना उठवून मी दोन्ही जागांत पांढऱ्या फक्कीनं फुटाफुटाचे चौकोन आखले. पट्ट्यात वीस, हिच्या जागेत छत्तीस. नुसता कल्ला!

म्होरक्या चाट पडला. "तुला कसं गं कळलं?"

"मेंढरं कोंडायची जाळी रोज सांजच्याला मीच लावते. लांबट लावली तर मावत न्हाईत. एक जरी भाईर ऱ्हायलं, तर बिबट्या नेतो."

"बिबट्या आला रे!" कुणीतरी बोंबललं, आणि सगळी किंचाळत तिच्या चौकोनात घुसली. मलाही ओढलं. "बाईंनी दोघांची जागा खाल्ली!" अगं बाई, काय ती चेंगराचेंगरी! हसता हसता माझा पदर कुणाच्या पायाखाली गेला, कळलं नाही.

पोरगी बाहेरून बोट दाखवत आम्हाला मोजत होती. "समदी आत," ती म्हणाली.

"आन् तू?" म्होरक्या ओरडला, आणि त्यानं तिचा हात धरून तिला आत ओढलं.