अपुरा फलाट

आमच्या स्टेशनाचा फलाट जन्मापासूनच अपुरा. दगडखाणीसाठी रूळ टाकले तेव्हा मालगाडीच्या मागे माणसांचे दोनच डबे असत, म्हणून फलाटही तेवढाच बांधला. पुढे खाण बंद पडली, गाडी लांबत गेली, फलाट मात्र होता तिथेच राहिला. मागचे डबे खडीवर थांबत आणि खालची पायरी कमरेइतकी उंच. तरण्याताठ्यांनी उड्या माराव्यात, बाकीच्यांनी पुढच्या डब्यांत चेंगरून घ्यावं, अशी एकंदर व्यवस्था.

डायलिसिस सुरू झाल्यावर आईला आठवड्यातून दोनदा शहरात न्यावं लागे. परतताना तिच्या अंगात उभं राहायचंही त्राण नसे आणि पुढच्या डब्यात कुणी सरकून घेत नसे. एकदा मी तिथे कडाकडा भांडले. तसं मला भांडायला निमित्त लागतंच असं नाही. उतरल्यावर स्टेशनातला एकुलता एक हमाल म्हणाला, "ताई, मावशींना शेवटच्या डब्यात झोपवून आणा. तिथं काळं कुत्रं फिरकत नाही. उतरवायचं माझ्याकडे लागलं."

पुढच्या खेपेला तो खडीत लाकडी स्टूल टेकवून उभा होता. स्टूल त्याने स्वतःच ठोकलं होतं. खडी उतरती म्हणून एका बाजूचे पाय लांब, दुसऱ्या बाजूचे आखूड. मी पर्स उघडली तर म्हणाला, "मी ओझ्याचे पैसे घेतो. मावशी ओझं आहेत का?"

त्या दिवसापासून आई दर खेपेला आडवी होऊन, शांत झोपून घरी परतली. हे उपकार फेडण्यासारखे नाहीत, हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. गावासारखं मीही त्याला स्टूलमामा म्हणायला लागले, एवढंच.

मामाला एक खोड होती. कुणी साहेब तपासणीला आला की हा पुढे होऊन फलाट वाढवायला सांगायचा. एकदा माझं डोकंच फिरलं.

"मामा, खडी आहे म्हणून लोक तुमच्याकडे सामान देतात. फलाट झाला की चाकांच्या बॅगा आपल्या आपण पळतील. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

"कळतं हो मला. पण मी एकटा, स्टूल एक. इथं एकीला उतरवतो तोवर पलीकडे दुसरी उडी मारते. जीव टांगणीला लागतो माझा."



शेवटी फलाट झाला. पहिल्या दिवशी आमची गाडी लागली तेव्हा पुढे हारतुरे चालले होते आणि मामा नव्या टोकाला, स्टूल काखेत मारून उभा. आई दारात आली आणि सवयीने पायाने चाचपू लागली.

"स्टूल कुठाय रे?"

"नाही लागत आता, मावशी. पाय टाका. जमीन वर आलीय."

आई दांड्याला धरून स्वतःची स्वतः उतरली. खात्री करायला तिने दोनदा पाय आपटून पाहिला. मामा हसला. आमच्या बाजूने चाकांच्या बॅगा खडखडत निघाल्या होत्या, त्याला कुणी हाक मारली नाही.

"चला, सुटलो एकदाचा," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

"सुटलास कुठला," आई म्हणाली. "फलाट लांब झाला, घर काही जवळ आलं नाही. चल."

मामाने आमची पिशवी घेतली, स्टूल खांद्यावर टाकलं. अर्ध्या वाटेत आईला धाप लागली. त्याने स्टूल मांडलं, पण सपाट रस्त्यावर ते एका अंगाला कलायला लागलं. मग त्याने आखूड बाजूखाली आपला पाय सरकवला आणि आईला बसवलं.

एवढी वर्षं मनात राहिलेलं मी तिथेच बोलून टाकलं. "मामा, तुम्ही होतात म्हणून माझी आई आज आहे."

"ताई, आधी मावशींना पाणी द्या. मला हलता येत नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने आईला म्हणाला, "गुरुवारच्या खेपेपर्यंत याचे पाय सारखे करून ठेवतो."